परक्यांच्या थैलीआड लपलेली लाज

२० जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये एका आदेशावर सही झाली आणि अमेरिकेची परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठली. त्या एका सहीने हैदराबाद, ठाणे आणि पुणे येथील तृतीयपंथीयांच्या ‘मित्र’ दवाखान्यांना कुलपे लागली. १ जुलैला तर ही मदत वाटणारे यूएसएआयडी हे खातेच मोडीत निघाले. आफ्रिकेत या मदतीतून मिळणाऱ्या एड्सच्या गोळ्यांवर जगणाऱ्या लाखो माणसांच्या तोंडचे पाणी पळाले. या निर्दयपणाचा धिक्कार करावा तेवढा थोडाच. पण आमचा आजचा संताप वॉशिंग्टनवर थांबणारा नाही. तो मुंबईच्या मंत्रालयावर आहे, दर हिवाळ्यात नागपूरच्या विधानभवनात येऊन बसणाऱ्यांवर आहे आणि तुमच्या-आमच्या घरातल्या मिटलेल्या तोंडांवर आहे. ठाण्यात राहणाऱ्या तृतीयपंथी नागरिकाचे रक्त तपासायला अमेरिकेतल्या करदात्याचा पैसा का लागावा? तो नागरिक आमचा, त्याचे मत आमच्या यंत्रात पडते, दुकानात साबण घेताना तो आमच्याच तिजोरीत कर भरतो. मग त्याला माणसासारखे वागवणारा दवाखाना उघडण्याची बुद्धी आमच्या एकाही सरकारला आधी का झाली नाही?

याचे उत्तर कडू आहे, पण ते आम्ही देणार. एड्सच्या लढाईत गोळ्यांचे बिल भरायला आपण शिकलो. बोलायचे काम मात्र परक्यांवर टाकून मोकळे झालो. ज्या वस्त्यांची नावे सभ्य घरात उच्चारायची नाहीत तिथे जाणे, ज्या गोष्टी आईबापांनी आणि शिक्षकांनी सांगायच्या त्या सांगणे, ज्यांना आपण पंगतीला बसवत नाही त्यांच्या शेजारी बसणे, हे सगळे परदेशी देणगीवर चालणाऱ्या संस्थांनी करावे आणि आपण सोवळे राहावे, असा हा अलिखित करार होता. त्यातला एक पक्ष आता उठून गेला आहे. म्हणून लाज उघडी पडली आहे, आणि ती आपली आहे.

मदत निरुपयोगी होती, असे म्हणणारा कृतघ्न ठरेल. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या देखरेखीखाली झालेल्या तपासणीत देशातला पहिला संसर्ग सापडला, तेव्हा ‘हा परदेशी रोग, आपल्या संस्कृतीत शिरणार नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची दिल्लीत वाण नव्हती. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको उभी राहिली ती जागतिक बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जाच्या आधाराने. १९९९ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला, त्याला बँकेने आणखी १९ कोटी १० लाख डॉलर दिले. २००२ साली एड्ससारख्या रोगांशी लढण्यासाठी जागतिक निधी स्थापन झाला. २००३ मध्ये गेट्स प्रतिष्ठानने महाराष्ट्रासह सहा राज्यांत ‘आवाहन’ हा प्रकल्प सुरू केला, महामार्गांवर ट्रकचालकांसाठी ‘खुशी’ दवाखाने उघडले गेले. आज जे आकडे आपण अभिमानाने सांगतो त्यांची पायाभरणी या काळात झाली. २००२ मध्ये अमेरिकी गुप्तचर परिषदेने भाकीत केले होते की २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी लोकांना लागण होईल. आज, एवढ्या वर्षांनी, नॅकोचा अंदाज सुमारे २५ लाखांचा आहे. भाकीत फुगलेले होते हे खरे. पण गल्लीबोळांतून राबलेल्या माणसांनी रोगाला अडवले, हेही तितकेच खरे.

आणि भारत काही नुसता हात पसरून बसला नव्हता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचाराला दहा हजारांहून अधिक डॉलर घेत होत्या. गरीब देशांतला एड्सचा उपचार शक्य झाला तो या एका निर्णयाने. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने मोफत एआरटी, म्हणजे विषाणू दाबणारा औषधोपचार, सुरू केली आणि पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला, म्हणजे २०२१ ते मार्च २०२६ या काळासाठी, केंद्राने १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले. जागतिक निधीला भारत आता स्वतः देणगी देतो. तिजोरी रिकामी आहे ही सबब त्यामुळे कोणी सांगू नये. कमी पडते आहे ती हिंमत.

परक्या पैशाला अटी असतात, हेही महाराष्ट्राने अनुभवले आहे, आणि त्या अटींपुढे ताठ मानेने उभे राहिलेली माणसेही याच मातीतली आहेत. मीना शेषू यांची सांगलीची ‘संग्राम’ संस्था १९९२ पासून वेश्यावस्त्यांत काम करते. अमेरिकेने अट घातली की मदत हवी असेल तर वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याचे धोरण लेखी जाहीर करा. ज्या बायकांना हाताशी धरून रोग रोखायचा त्यांनाच आधी पापी ठरवायचे! ‘संग्राम’ने २००५ मध्ये ती अट धुडकावली, पैसा सोडला, पण बायकांची साथ सोडली नाही. अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही अट अमेरिकी संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली, २०२० मध्ये मात्र परदेशी संस्थांवर ती कायम ठेवली. सांगलीतल्या कार्यकर्त्यांना जे कळले ते वॉशिंग्टनच्या धोरणकर्त्यांना कळले नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की ते नागपूरच्या प्रशासनालाही कळलेले दिसत नाही.

इतवारीजवळची गंगाजमुना ही वेश्यावस्ती नागपूरकरांना ठाऊक आहे. तोंडाने कबूल करोत न करोत, ठाऊक आहे. अशा वस्तीत एड्स कसा रोखला जातो ते एकदा नीट पाहा. साधारण साठ बायकांमागे त्यांच्यातलीच एक ‘पिअर’ असते. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत निरोधची पाकिटे, एक वही आणि निरोधचा वापर दाखवायचा लाकडी नमुना. दुपारी, धंदा सुरू व्हायच्या आधी, ती दारोदार जाते. कोणाला अंगावरून पांढरे जाते, कोणाची तीन महिन्यांची तपासणी राहिली, कोणाची सहा महिन्यांची एचआयव्हीची चाचणी आली, कोण गोळ्या मध्येच सोडून बसली, कोणाचा ‘मालक’ निरोध वापरू देत नाही, सगळे त्या वहीत खुणांनी टिपलेले. ती डॉक्टर नाही, नर्स नाही. तिला मिळते ते तुटपुंजे मानधन. तरी ‘मेडिकल’च्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, एआरटी केंद्रात बसलेल्या डॉक्टरइतकीच ती या शहराचे रक्षण करते, कारण तिच्या शब्दावर बाई दार उघडते.

ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूर पोलिसांनी या वस्तीकडे जाणारे रस्ते बॅरिकेड लावून बंद केले. गुन्हेगारी रोखायची, अल्पवयीन मुलींची सुटका करायची, हे उद्देश कोणाला नको आहेत? ज्या नराधमाने एका मुलीला या गल्लीत आणून विकले त्याला जन्मठेप व्हावी, असेच आम्ही म्हणू. पण बॅरिकेडने मुली विकणारा दलाल पकडला जात नाही. बॅरिकेडने बाईचा पत्ता बदलतो. गंगाजमुनातली बाई वर्धा रोडच्या लॉजवर, वाडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात, कोणाच्या तरी भाड्याच्या खोलीत जाते, आणि वहीवाली पिअर तिला शोधू शकत नाही. काश्मीर-कन्याकुमारी जोडणारा महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा महामार्ग ५३ ज्या शहरात एकमेकांना छेदतात, जिथे रोज हजारो ट्रक थांबतात, त्या शहरात रोगाला पत्ता नसणे याहून मोठा धोका कोणता? १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात स्पष्ट निर्देश दिले: या स्त्रियांना सन्मानाने वागवा, आणि त्यांच्याजवळ निरोध सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा मानू नका. शहरातल्या प्रत्येक पोलिस ठाण्याच्या भिंतीवर हे निर्देश मराठीत लावले पाहिजेत.

आता त्या जखमेकडे वळतो जी आम्हाला सर्वांत जास्त सलते.

शाळा. किशोरवयीन मुलामुलींना शरीर, संबंध, रोग आणि नकार देण्याचा हक्क यांविषयी शास्त्रीय माहिती द्यावी यासाठी नॅको आणि केंद्राच्या शिक्षण खात्याने, युनिसेफच्या मदतीने, किशोर शिक्षण कार्यक्रम तयार केला. साहित्य छापले गेले, शिक्षकांची शिबिरे झाली. २००७ साली महाराष्ट्रात आमदारांनी ओरड केली, चित्रे अश्लील आहेत, मुले बिघडतील, आणि काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने कार्यक्रम गुंडाळला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने, अध्यक्ष भाजपचे व्यंकय्या नायडू, शाळेत लैंगिक शिक्षण नकोच असा अहवाल दिला. एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष मुलांचे तोंड बंद करायला मात्र एका रांगेत उभे राहिले! एखाद्या चित्राबद्दल आक्षेप होता तर चित्र बदलायचे होते, वयाप्रमाणे मजकूर ठरवायचा होता, पालकांना बोलावून दाखवायचा होता. घरातल्या दिव्याची वात जरा मोठी झाली म्हणून कोणी दिवाच फोडत नाही.

आणि हे कुठे घडले? रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या महाराष्ट्रात! ज्या १९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत उघडले. प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला. पण लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणे हा गुन्हा कसा, हा बाबासाहेबांचा सवाल आज नव्वद वर्षांनंतरही उत्तर मागतो आहे. ज्या नागपुरात त्यांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षा दिली, ज्या दीक्षाभूमीवर मते मागायला एकूण एक पक्ष जातो, त्या शहरात तरी मुलांच्या शंकांना अश्लील म्हणण्याची जीभ कोणाला होऊ नये.

हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, म्हणतात. विदर्भाच्या गाडगेबाबांनी कोणत्या विलायती पुस्तकातून स्वच्छता शिकवली? हातात खराटा घेऊन सकाळी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे, याहून चांगले आरोग्यशिक्षण कोणत्या विद्यापीठात शिकवतात? मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावाला आरोग्य सांगितले, ‘ग्रामगीता’ लिहिली. ज्यांच्या नावाचे विद्यापीठ आपण अभिमानाने मिरवतो त्यांनी लाज बाळगून तोंड मिटले असते तर गावोगाव पटकी-देवीचेच राज्य राहिले असते. स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या पैशाने, लोकांच्या डोळ्याला डोळा देऊन रोगाविषयी बोलणे ही आमची परंपरा आहे. लपवणे ही परंपरा नव्हे, तो भित्रेपणा आहे.

भित्रेपणाची किंमत आकड्यांत मोजून झाली आहे. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीविषयी सर्वंकष, बरोबर माहिती असलेल्या स्त्रिया देशात शंभरात २२ निघाल्या, पुरुष ३१. तीस वर्षांची जाहिरातबाजी, लाल फिती, रॅल्या, भित्तिपत्रके, आणि शंभरातल्या ७८ बायकांना अजून पुरते ठाऊक नाही की हा रोग कशाने होतो आणि कशाने होत नाही! शाळेत पुनरुत्पादनाचा धडा आला की ‘हा घरी वाचा’ म्हणून पान उलटणारे शिक्षक, आणि घरी विचारले की ‘हे शाळेत शिकवतील’ म्हणणारे पालक, या दोघांच्या मध्ये मूल उभे आहे. त्याच्या हातात मोबाइल आहे. त्याला शिकवायला तिथे कोण बसले आहे, हे आम्ही सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींसंबंधीचा निकाल देताना, सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्ट शब्दांत मांडली आणि ते पाश्चात्त्य असल्याचा समज खोडून काढला. मंत्रालयात तो निकाल कोणी वाचला का?

हे सारे ‘त्यांचे’ प्रश्न आहेत, माझ्या घराचा काय संबंध, असे ज्यांना वाटते त्यांनी २०२२ चा मे महिना आठवावा. याच नागपुरात थॅलेसेमिया असलेली चार मुले रक्त घेतल्यानंतर एचआयव्ही बाधित आढळल्याचे उघड झाले. त्यांतले एक मूल दगावले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. या मुलांनी कोणते पाप केले होते? विदर्भात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, इथल्या हजारो घरांतले मूल दुसऱ्याच्या रक्तावर जगते. लागण झाल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत विषाणू साध्या चाचणीला सापडत नाही, नॅट ही चाचणी तो लवकर पकडते, आणि ती आपल्या देशात बंधनकारक नाही. महाग आहे, म्हणतात. उड्डाणपुलांना, रोषणाईला, स्वागतकमानींना नागपुरात पैसा मिळतो. मुलाच्या नसेत सोडायच्या रक्ताची बाटली तपासायला मिळत नाही. रक्तदात्याने आपल्या जोखमीविषयी खरे सांगावे, असे वाटत असेल तर त्याला आधी ते समजले पाहिजे आणि सांगितल्यावर त्याची अब्रू सुरक्षित राहिली पाहिजे. म्हणजे पुन्हा शिक्षणच, पुन्हा तोंड उघडणेच.

नॅकोचेच २०२३-२४ चे गणित पाहा. एचआयव्हीसह जगणाऱ्या शंभरातल्या ८१ जणांना आपली स्थिती माहीत आहे. माहीत असलेल्यांपैकी ८८ टक्के उपचारावर आहेत. आणि उपचारावर असलेल्यांपैकी ९७ टक्क्यांच्या रक्तात विषाणू दबलेला आहे. विषाणू असा दबला, चाचणीत सापडेनासा झाला की तो माणूस शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण करत नाही. किती मोठे हे यश! गोळी काम करते. मेडिकलच्या आणि मेयो रुग्णालयाच्या केंद्रांत महिन्याकाठी रांगेत उभे राहणारे, ओढणीने तोंड झाकून बाटली पिशवीत ठेवणारे आपले बांधव-भगिनी नोकरी करतात, लेकरे वाढवतात, म्हातारे होतात. गळती आहे ती पहिल्या पायरीवर. पंचवीस लाखांपैकी जवळपास पाच लाखांना पत्ताच नाही. ते तपासायला येत नाहीत, कारण शेजारी पाहील, नवरा टाकेल, कामावरून काढतील. भेदभावाविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्या कायद्याचे नाव सांगू शकेल असा माणूस नागपूरच्या सीताबर्डीच्या गर्दीत शोधून दाखवा.

देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे, चार लाखांच्या घरात. त्यांच्यासाठी राबणारे समुपदेशक आणि तंत्रज्ञ वर्षानुवर्षे कंत्राटावर आहेत. ज्या समुपदेशकाने रोज पाच-सहा माणसांना आयुष्यातली सर्वांत वाईट बातमी सांगायची आणि त्याच बैठकीत जगण्याची उमेद द्यायची, त्याला स्वतःची नोकरी पुढच्या वर्षी असेल की नाही हे ठाऊक नसते. हा कारभार नव्हे, हा निष्काळजीपणा आहे.

म्हणून सरकारला आमचे सांगणे असे. परकी मदत आली तर घ्या, सन्मानाने घ्या, आणि आपल्या माणसांना पापी ठरवणारी अट असेल तर सांगलीने नाकारली तशी नाकारा. पण परदेशातल्या एका सहीने महाराष्ट्रातला एकही दवाखाना बंद पडणार नाही, एवढी तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे करा. तृतीयपंथीयांचे बंद पडलेले दवाखाने राज्याच्या पैशाने उघडा आणि तसाच एक नागपुरात काढा. वस्तीत जाणाऱ्या पिअरला जगता येईल असा पगार द्या. समुपदेशकांना कायम करा. राज्यातल्या प्रत्येक रक्तपेढीत नॅट चाचणी सक्तीची करा. डिसेंबरमध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये विधिमंडळाचे अधिवेशन भरते, १ डिसेंबरला एड्स दिनाच्या फिती छातीवर लावून फोटो निघतात. फितीऐवजी एक ठराव आणा: २००७ चे धोरण आम्ही मागे घेतो आणि येत्या जूनपासून आठवीच्या पुढे प्रत्येक शाळेत, प्रशिक्षित शिक्षकाकडून, मराठीत, आरोग्य आणि लैंगिकतेचे शिक्षण सुरू करतो. जो आमदार याला विरोध करील त्याने आपले नाव सभागृहाच्या कामकाजात नोंदवून विरोध करावा. आम्ही ते नाव छापू.

आणि वाचकहो, सरकारची वाट पाहू नका. या आठवड्यात आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना लेखी विचारा की हा विषय कोण शिकवतो, कधी शिकवतो. उत्तर लेखीच घ्या. घरात १०९७ हा एड्सविषयीचा मोफत मदतक्रमांक मुलांना दिसेल असा लिहून लावा. आणि मुलाने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला, तो कितीही अवघड असो, खरे उत्तर द्या.